रुग्णाच्या सोयऱ्यांचा धनी : संत गाडगेबाबा

हीरकमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी इतरांनी विस्ताराने लिहिले आहेच. मी येथे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. व्यसनापायी वडील अकाली गेले आणि डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामांच्या आश्रयाला आले. गुरे राखावी, औत धरावे, रात्री भजनात रमावे असे त्यांचे बालपण व तारुण्य गेले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवल्याने जमीन कशी जाते, हे त्यांनी मामांच्याच घरी पाहिले. लेकीच्या बारशाला मद्यमांसाचे जेवण न घालता गोडाधोडाची पंगत मांडून त्यांनी भाऊबंदांचा रोष पत्करला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यानेच लोकांनी त्यांचे नाव ठेवले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, ही त्यांची रीत सर्वांना ठाऊक आहे. ती पुन्हा सांगत बसत नाही.

मला थांबायचे आहे ते १९२३ सालापाशी. बाबांचे कीर्तन कोकणात खारेपाटणला सुरू होते. तिकडे वऱ्हाडात त्यांच्या एकुलत्या मुलाला, गोविंदाला, पिसाळलेले कुत्रे चावले होते. तो गेल्याची वार्ता कीर्तन चालू असतानाच बाबांच्या हाती आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. जगात अशी किती लेकरे जातात, त्यांत आपल्या एकट्यासाठी काय रडायचे, अशा आशयाचे काही बोलून ते पुढे गेले. या प्रसंगाचे वर्णन बहुधा वैराग्याची परिसीमा म्हणून केले जाते. शिक्षिका म्हणून आणि आई म्हणून मला त्यात दुसरेही काही दिसते. पाश्चरने या रोगावरची लस १८८५ सालीच शोधली होती. हिमालयातील कसौलीला १९०० साली आणि निलगिरीतील कुन्नूरला १९०७ साली ती टोचणाऱ्या संस्थाही निघाल्या होत्या. म्हणजे औषध होते. परंतु वऱ्हाडातल्या खेड्यातून लेकराला घेऊन तेथवर कोणी जायचे, जाऊन कोठे राहायचे, काय खायचे आणि मागे राहिलेल्या शेताचे काय करायचे? गरिबाच्या घरी औषध आणि रोगी यांच्यामध्ये हे एवढे सारे उभे असते.

बाबांच्या धर्मशाळांचे मूळ या दुःखात आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते काम त्याआधीच सुरू झाले होते. ऋणमोचनचा घाट, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, पुढे नाशिक, आळंदी, देहू येथील वास्तू, हे सारे लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले. पंढरपूरची वास्तू तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. त्या धर्मशाळा यात्रेकरूंसाठी होत्या. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात बाबांची दृष्टी एका निराळ्याच यात्रेकडे वळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. रोग्याला खाट मिळे. त्याच्यासोबत आलेल्यांना पदपथ. चूल तीन दगडांची, पांघरूण आभाळाचे. बाबांनी १९५४ च्या सुमारास तेथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. देवाच्या दारी येणाऱ्यांसाठी ओवरी बांधणे ही आपली जुनी परंपरा. रुग्णालयाच्या दारी येणाऱ्यांसाठी ती बांधावी, हे सुचायला निरक्षर माणूस यावा लागला. दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने उभी राहिली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती तेथे उतरतात. त्यांत लहान मुले असतात, डोक्यावरचे केस गेलेली, आईच्या पदराला धरून जिना चढणारी.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो, हे पालकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. तो पुरता झाला तर पुष्कळ मुले बरी होतात. अर्ध्यावर सुटला तर हाती काही लागत नाही. आणि तो अर्ध्यावर सुटतो तो पुष्कळदा औषधाअभावी नव्हे, तर बापाची रोजंदारी बुडते, धाकटे भावंड गावी आजीजवळ रडते आणि शहरात खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून.

आपल्या बंगळुरूत होसूर मार्गावर किडवाई कर्करोग संस्था आहे, निम्हान्सही त्याच भागात आहे. बिदर, बेळगाव, कलबुर्गीकडून आलेली कुटुंबे या परिसरात दिसतात आणि बसथांब्यावर कधी अस्सल सीमाभागातली मराठी कानी पडते. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एका मुलीची चुलतबहीण अशीच गावाहून उपचारांसाठी आली होती. आम्ही शिक्षकांनी वर्गणी जमवली आणि मोठ्या समाधानाने पाकीट तिच्या आईच्या हाती दिले. त्या बाईंनी ते कपाळाला लावले आणि संकोचून विचारले की रात्री अंग टाकायला कोठे जागा मिळेल का. तीन रात्री त्या एका रुग्णालयाच्या भिंतीलगत बसून काढत होत्या. आमच्यापैकी एकालाही हे विचारावेसे वाटले नव्हते. त्या रात्री त्या मायलेकी आमच्या शिपाईमामांच्या घरी गेल्या, कारण तसे बोलणारे पहिले तेच होते.

स्वतः बाबांनी इतक्या धर्मशाळांत आपल्यासाठी एक खोली राखली नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये सर्व संस्थांचा कारभार गाडगे महाराज मिशनकडे सोपवून ते मोकळे झाले. १९५६ च्या ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. बाबा तेव्हा आजारी होते. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांचे प्राण गेले.