मॅरेथॉनवीर क्लॅरन्स डीमार

मुलांनो, मनगटावर दोन बोटे ठेवा आणि आपली नाडी मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. रोज लांब धावणाऱ्या खेळाडूंचे ठोके मात्र ५०, कधीकधी ४० इतकेच भरतात! आज डॉक्टरांना याचे नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र खेळाडूचे हृदय म्हणजे बिघडलेले हृदय, असे पुष्कळ डॉक्टर मानत. अशा काळात धावलेल्या एका माणसाची ही हकिकत आहे.

क्लॅरन्स डीमार यांचा जन्म १८८८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. वडील लवकर वारले. घरची गरिबी होती, म्हणून क्लॅरन्सला बॉस्टनजवळच्या एका बेटावरील शाळेत ठेवण्यात आले. पुढे ते छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करू लागले. सरावाला वेगळा वेळ कुठला मिळणार? ते कामावर धावतच जात आणि धावतच परत येत.

१९११ च्या बॉस्टन मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली. ठोक्यांबरोबर एक जास्तीचा आवाज ऐकू आला. ही शर्यत शेवटची समजा, असा सल्ला डीमार यांना मिळाला. ते धावले आणि नवा विक्रम करून पहिले आले! पुढच्या वर्षी ते स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्येही धावले. त्यानंतर काही वर्षे मात्र ते मोठ्या शर्यतींपासून बरेचसे दूर राहिले. डॉक्टरांचा इशारा हे त्याचे एक कारण होते. ऐन तारुण्यातली ही वर्षे! आपल्याला वाईट वाटते. पण डॉक्टरांना दोष कसा द्यावा? त्यांच्याजवळ आजची यंत्रे नव्हती. स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी तर १८९९ साली, आपण कलिंगड वाजवून पाहतो तशी, बर्फावर घसरत शर्यत करणाऱ्यांची छाती बोटांनी ठोकून पाहिली होती. त्यांची हृदये मोठी आहेत, हे त्यांनी बरोबर ओळखले.

मोठे हृदय काय करते? थोडा हिशेब करा. साधे हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. असे ७० ठोके झाले की मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त फिरते. सरावाने मोठे झालेले हृदय एका ठोक्यात १०० मिलिलिटर ढकलत असेल, तर तेच काम ५० ठोक्यांत होते. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. तरुण खेळाडूंत हा फरक जास्त जाणवतो. तोही आजार नव्हे. मात्र धावताना चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

डीमार १९२२ साली पुन्हा बॉस्टनला आले आणि जिंकले. १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० सालीही जिंकले. एकूण सात वेळा! शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ४१ होते. १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. वयाच्या पासष्टीतही ते बॉस्टनला धावले.

१९५८ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पॉल डडली व्हाइट आणि जेम्स करेन्स या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाची माहिती १९६१ साली प्रसिद्ध केली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्यांच्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. वयामुळे आत थोडा थर साचला होता, पण रक्ताची वाट मोकळीच होती.