आकाशवाणीची धून आणि वॉल्टर कॉफमन

आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्याआधी तंबोरा आणि व्हायोलिनची एक धून लागते. आपल्या आजी-आजोबांना ती तोंडपाठ असते. ती रचणारे वॉल्टर कॉफमन मात्र भारतीय नव्हते.

त्यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे एका ज्यू घरात झाला. प्रागच्या विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. पण आपले प्राध्यापक नाझींच्या बाजूचे आहेत हे कळताच त्यांनी ती पदवी घेतलीच नाही. हातातली पदवी सोडायला किती धैर्य लागले असेल!

१९३४ मध्ये ते मुंबईला आले. भारतीय संगीत प्रथम ऐकले तेव्हा त्यांना मुळीच आवडले नाही. पण इतक्या लोकांना प्रिय असलेले संगीत आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच असणार, असे मानून ते शिकायला बसले. मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील), चेलोवर एडिजिओ वेर्गा, पियानोवर स्वतः कॉफमन. आपल्या बँडमध्ये एखाद्याचा सूर चुकला तर ड्रमच्या आवाजात लपतो. तीन-चार वादकांत तो लपत नाही.

१९३७ पासून नऊ वर्षे ते मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. शिवरंजनीच्या अंगाने जाणारी ती धून त्यांच्या मुंबईतल्या वर्षांतलीच.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. कॅनडात ते विनिपेग सिम्फनीचे कंडक्टर झाले, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे त्यांनी आधी उत्तरेच्या आणि १९७६ साली आपल्या इकडच्या दक्षिणेच्या रागांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.