इतरांसाठी जागलेल्या डॉक्टरांचे स्वतःचे दुखणे

पुणे-सोलापूर रस्ता इंदापूर तालुका संपवून उजनी धरणाजवळ भीमा ओलांडतो आणि सोलापूर जिल्हा सुरू होतो. त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेले असते. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटामुळे त्यांची कहाणी घरोघरी पोहोचली. चीनमध्ये युद्धातील जखमींची सेवा करता करता ते गेले, एवढे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यांचा मृत्यू गोळी लागून झाला नाही. वयाच्या ३२ व्या वर्षी अपस्माराने, म्हणजे आपण ज्याला फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतो त्या आजाराने त्यांचा बळी घेतला. आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य पुन्हा वाचण्यासारखे आहे ते यासाठी.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करू लागले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी झू ड यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या उन्हाळ्याअखेर देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून २२ हजार रुपये उभे राहिले, रुग्णवाहिकेची सोय झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते. त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. तेव्हा कोटणीस २७ वर्षांचे होते. दवाखाना थाटून घरचा भार उचलण्याचे ते वय. तरीही घरच्यांच्या संमतीने त्यांनी नाव दिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही जणांनी आपापल्या नावापुढे चीनचा वाचक असलेले ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. वूहान, चुंगकिंग अशी मजल-दरमजल करत फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. वाटेतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतण्याचा सल्ला मिळूनही घेतलेले काम अर्धवट सोडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे पथकातले सहकारी एकेक करून भारतात परतले. डॉ. बसू आणखी काही वर्षे थांबून परत आले. नंतर अ‍ॅक्युपंक्चर शिकून त्यांनी कलकत्त्यात त्या उपचाराची ओळख करून दिली. पाचांपैकी मायदेशी परतले नाहीत ते एकटे कोटणीस.

परदेशात रुग्णसेवेला जाणाऱ्यापुढे पहिली अडचण भाषेची असते. दुखते कुठे, किती, केव्हापासून, हे रुग्ण स्वतःच्या भाषेतच नीट सांगू शकतो. मधे दुभाषा आला की निम्मे दुखणे वाटेतच हरवते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकायला घेतली आणि ती इतकी आत्मसात केली की पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे वर्ग चिनीतूनच घेऊ लागले. युद्धाच्या डोंगराळ मुलखात नाकेबंदीमुळे औषधे आणि उपकरणे यांची सततची टंचाई होती. अशा ठिकाणी परदेशी डॉक्टराने स्वतः किती जखमा शिवल्या यापेक्षा किती स्थानिक तरुणांना त्या शिवायला शिकवले, याला अधिक मोल होते.

त्या मुलखात कोटणीसांच्या आधी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला इजा झाली, जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. हातमोजे मिळण्याची मारामार होती आणि पेनिसिलिन अजून वापरात आले नव्हते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

त्याआधी १९४० च्या एका मोठ्या लढाईत जखमींची रीघ लागली होती. कोटणीसांनी त्या वेळी ७२ तासांपर्यंत झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. शौर्य म्हणून हा प्रसंग नेहमी आठवला जातो. मात्र अपुरी झोप आणि टोकाचा थकवा ही अपस्माराचा झटका ओढवणारी ठळक कारणे आहेत, हे आज वैद्यकशास्त्र पक्के सांगते. आजाराचे मूळ थकव्यात असतेच असे नाही, पण ज्याला तो आहे त्याच्यासाठी प्रत्येक जागरण धोक्याचे.

कोटणीसांना झटके येऊ लागले आणि वाढतही गेले. उपचारासाठी आघाडीपासून दूर जाण्याचा आग्रह सहकाऱ्यांनी केला, पण ते जागचे हलले नाहीत. अपस्मारावरचे फिनोबार्बिटोन १९१२ पासून जगात वापरात होते आणि फेनिटॉईन १९३८ मध्ये आले होते. मात्र जिथे भूल द्यायचे औषध जपून वापरावे लागे, तिथे नियमित गोळ्यांची आशा कुठली? १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका असलेल्या गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. याच काळात विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही सुरू होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्मारानेच त्यांचा अंत झाला. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि पुस्तक अपुरे राहिले.

एकाच रुग्णालयाशी नाव जोडलेले हे दोन डॉक्टर. एक जखमेच्या संसर्गाने गेला, दुसरा अपस्माराने. शिज्याझ्वांग शहरात दोघांचीही समाधिस्थळे एकाच स्मृती-उद्यानात आहेत आणि सोलापुरातही कोटणीसांचे स्मारक आहे. हजारोंना जगवणाऱ्याच्या प्रकृतीकडे पाहायला मात्र कोणाला, आणि त्याला स्वतःलाही, सवड झाली नाही. सेवेला बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो परदेशी जाणारा डॉक्टर असो की घरातल्या आजाऱ्याची रात्रंदिवस उस्तवार करणारी सून, एवढे या आयुष्यातून घ्यायला हवे. झोप, जेवण आणि स्वतःचे औषध हाही सेवेचाच भाग आहे.

१९४२ मध्ये जे मिळाले नाही ते आज तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधे नियमित घेतल्यास अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. तरीही फिट आली की कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार सुटलेले नाहीत. त्यांचा उपयोग काहीच होत नाही, इजा मात्र होते.

झटका आलेल्या माणसाला धरून दाबू नये. आजूबाजूच्या टणक, धारदार वस्तू बाजूला कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि त्याला कुशीवर वळवावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर ताबडतोब १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. अचानक बंद केलेल्या गोळ्यांमुळे न थांबणारे झटके येऊ शकतात. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात विहीर आणि कालवा जवळच असतात. अपस्मार असलेल्याने तिथे एकट्याने पोहायला उतरू नये. कारखान्याच्या हंगामात रात्रपाळी असेल तर डॉक्टरांना सांगून पाळी बदलून घ्यावी. वाहन चालवण्याबाबतही त्यांनाच विचारावे. हा आजार भुताखेताचा नाही आणि लाजेचाही नाही. तो लपवला की उपचार लांबतात आणि लांबलेला उपचार जिवावर बेततो.