फोन बनवायच्या आधी तो दुरुस्तीवाल्यांसोबत फिरला

अमेरिकेतल्या सू सिटीतलं एक थिएटर. तिकीट स्वस्त केलं, एका तिकिटात तीन सिनेमे दिले, तरी शेतकरी आत पाऊल ठेवेनात. मालकांनी हेन्री ड्रायफसला बोलावलं. 1904 साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा पठ्ठ्या नाटकांचे सेट करायचा. पण इथे त्याने पेन्सिल उचललीच नाही. तीन दिवस नुसतं लोकांचं बोलणं ऐकलं. कारण निघालं लॉबीतला भारी गालिचा! चिखलाच्या बुटांनी त्यावर चालायला लोक बिचकत होते. साधं रबरी मॅटिंग टाकलं आणि गर्दी सुरू झाली.

1929 मध्ये त्याने डिझाईनचं ऑफिस थाटलं. लवकरच बेल टेलिफोनने नव्या फोनच्या डिझाईनसाठी 1000 डॉलर देऊ केले. धंदा नवा, तरी हा नाही म्हणाला. इंजिनिअरसोबत न बसता नुसतं वरचं कव्हर सजवायचं त्याला मान्य नव्हतं. बेलला शेवटी त्याच्याकडेच यावं लागलं.

मग तो टेलिफोन दुरुस्तीवाल्यांचा मदतनीस बनून फिरला. लोक रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबून बोलतात, हेही डिझाईनमध्ये धरलं गेलं. 1949 च्या ‘मॉडेल 500’चा रिसीव्हर म्हणूनच जरा चपटा, खांद्यावर फिरू नये असा. जुन्या हॉलिवूडपटांत खणखणणारा गोल डायलचा फोन बऱ्याचदा हाच असतो.