औंधच्या बाळासाहेबांचा सौंदर्यसंसार

दिवाळी आणि लग्नसराईचे दिवस जवळ आले की शहरातील दुकाने भेटवस्तूंनी आणि गृहसजावटीच्या सामानाने भरून जातात. चंदनी भासणाऱ्या मूर्ती, जुन्या धाटणीचे दिवे, लघुचित्रांच्या छापील नकला आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टांगायला कंदील अशा वस्तूंना चोखंदळ ग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. यातील कित्येक प्रकारांचे अस्सल रूप पाहायचे असेल, तर मात्र सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध गाठावे लागते. यमाईदेवीच्या डोंगरावर तेथे श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभे आहे. ते उभारणारे औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र म्हणजे एका जाणत्या रसिकाच्या दृष्टीची कहाणी आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. कायद्याचेही काही काळ त्यांनी अध्ययन केले आणि नंतर संस्थानच्या कारभारात उमेदवारी केली. १९०९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, ते गादीवर आले. वाट्याला आलेले संस्थान लहान होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल आणि गावे ७२. तीही सलग नव्हती. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, तसेच विजापूरकडे ती विखुरलेली होती. आटपाडीसारखा भाग तर पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट पाहणारा. बडोदे वा म्हैसूरच्या नरेशांप्रमाणे सढळ हाताने खर्च करण्याची ऐपत या गादीला कधीच नव्हती.

तरीही बाळासाहेबांच्या रसिकतेला मर्यादा पडल्या नाहीत, कारण ते केवळ आश्रयदाते नसून स्वतः कलावंत होते. ते कुंचला चालवीत, हरिकीर्तन करीत, ग्रंथलेखन करीत. त्यांनी रंगविलेल्या रामकथेवरील चित्रांचा 'चित्ररामायण' हा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचा संकल्प सोडला, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्या आवृत्तीसाठी चित्रेही काढली. अजिंठा आणि वेरूळ ही तर त्यांच्या ध्यासाची स्थाने. चित्रकारांना बरोबर नेऊन त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि दोन्ही लेण्यांवर सचित्र पुस्तके लिहिली. इंदूर येथे १९३५ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

वस्तू पारखणारी ही नजर माणसेही तितक्याच अचूकपणे पारखीत असे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्याचे ठळक उदाहरण. लक्ष्मणराव मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. काही रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आल्याने त्यांनी रंगकाम सोडले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडल रेल्वे स्थानकालगतचा माळ त्यांना दिला आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तेथून लोखंडी नांगर शेतात गेले, पुढे पाण्याचे पंप निघाले आणि घरात वापरायचे लोखंडी फर्निचरही तयार झाले. लाकडी पलंग-खुर्च्यांची सवय असलेल्या मध्यमवर्गीय घरांत ती त्या काळी नवलाईची वस्तू होती.

कराडजवळ संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला आणि ओगलेवाडी हे नाव महाराष्ट्रभर झाले. ओगल्यांच्या वडिलांचे नाव धारण करणारा 'प्रभाकर' कंदील वीज नसलेल्या असंख्य घरांत तेवला. त्याच्या उजेडात मुलांनी अभ्यास केला आणि गोठ्यात जाताना बायकांनी तोच हाती धरला. कारखाना बंद पडल्यालाही आता बराच काळ लोटला. ज्यांच्या घरी तो कंदील उरला आहे ते आता त्याला शोभेची वस्तू म्हणून जपतात. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकार. १९१८ मध्ये ते औंधला आले आणि त्यांनी स्वाध्याय मंडळामार्फत वेदवाङ्मयाचे प्रकाशन आरंभिले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार झाले.

वर्षानुवर्षे जमविलेल्या संग्रहासाठी बाळासाहेबांनी १९३८ मध्ये डोंगरावर स्वतंत्र इमारत उभारली. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे तेथे आहेत. राजपूत, मोगल आणि पहाडी शैलींतील लघुचित्रे आहेत. चंदन, हस्तिदंत आणि लाकूड यांवरील कोरीव काम आहे. धातूच्या मूर्ती, संगमरवरी पुतळे आणि पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्पही या आडगावच्या डोंगरावर आहे, हे ऐकून आजही कलाविद्यार्थी चकित होतात. संस्थानिकांच्या ठेवी सहसा राजवाड्याच्या आत, निमंत्रित पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी असत. बाळासाहेबांनी त्या गावाबाहेर, यमाईच्या दर्शनाला येणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेवर मांडल्या.

दुष्काळी मुलखातील राजाने चित्रांवर आणि पुतळ्यांवर पैसा का खर्चावा, हा प्रश्न रास्त आहे. तो आजच्या वाचकालाही पडावा. त्याचे उत्तर त्यांच्या कारभारात शोधावे लागते. वस्तुसंग्रहालय उभे राहिले त्याच सुमारास बाळासाहेब राज्यत्यागाच्या तयारीत होते. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, १९३९ मध्ये औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना मिळाली. गावपंचायती हा तिचा पाया होता. राजाने आपल्या हातची सत्ता आपणहून प्रजेच्या प्रतिनिधींना दिली, हे हिंदुस्थानात तेव्हा अपूर्वच होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहतही याच काळात सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती.

म्हणजे जी सत्ता दिली तीही लोकांना आणि जो संग्रह जमविला तोही लोकांसाठी, असा हा हिशेब आहे. सूर्यनमस्काराच्या प्रसाराबद्दल बाळासाहेबांचे नाव जगभर झाले. त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. शरीर, घर, गाव आणि मंदिर या सगळ्यांतच नीटनेटकेपणा आणि सौष्ठव असावे, हा आग्रह त्यांच्या सर्व उद्योगांतून दिसतो. कलेचा विचार ते जगण्यापासून तोडून करीत नव्हते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. वस्तुसंग्रहालय पुढे राज्य शासनाकडे आले आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय त्याची देखभाल पाहते. अशा ठिकाणांची कसोटी गर्दीच्या आकड्यांवर लागत नाही. लाकडातील कोरीव काम वाळवीपासून, लघुचित्रांचे रंग दमटपणापासून आणि हस्तिदंत कोरडेपणापासून वाचविणे हेच तेथील नित्याचे आणि खर्चाचे काम. त्यात हयगय झाली तर ती वस्तू पुन्हा बाजारात विकत मिळत नाही.

सातारा किंवा कराडहून औंधचा प्रवास एका दिवसात सहज होतो. दिवाणखान्यासाठी पुढची नक्षीदार वस्तू विकत घेण्यापूर्वी वाचकांनी तो एकदा करावा. कारागिराचा हात कोठे थांबतो आणि यंत्राची नक्कल कोठे सुरू होते, हे एकदा डोळ्यांना कळले की दुकानातील निवडही बदलते. मुलांना बरोबर नेले तर त्यांच्यासाठी तीच भेट पुरेशी ठरेल.