सेनापती आणि आमचा बांध

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. मुंबईत दादरच्या बाजूने जाणारा सेनापती बापट मार्ग आहे. या रस्त्यांवरून आपण किती वेळा गेलो असू! पण हे सेनापती कोणत्या सैन्याचे, असा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. सेकंड इयरला असताना पावसाळ्यात आम्ही सहा जण बाईकवर मुळशीला गेलो होतो. भाजलेलं कणीस खाल्लं, धरणाच्या पाण्यासमोर फोटो काढले आणि परत आलो. त्या पाण्याखाली काय आहे आणि त्या पाण्याशी या रस्त्यावरच्या नावाचा काय संबंध आहे, हे मला कळलं ते दीड वर्षानंतर. आणि कळलं तेही आमच्या वाशीच्या शेतातल्या एका खुंटीमुळे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी सेनापतींची.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरला झाला. घरची परिस्थिती बेताची, पण डोकं तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडला एडिंबरोला गेले. कशासाठी? तर इंजिनिअरिंग शिकायला! म्हणजे हा माणूस आपल्याच जातकुळीतला. त्या काळी पारनेरसारख्या गावातून उठून बोटीने विलायतेला इंजिनिअर व्हायला जायचं म्हणजे काय, याची आज फर्स्ट इयरच्या ॲडमिशनला रांगेत उभं राहणाऱ्यांनी कल्पना करून बघावी.

पण इंजिनिअरिंग पुरं झालं नाही. इंग्रज राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे, हे त्यांनी तिथेच जाहीरपणे मांडलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांच्याशी संबंध आला. तिथून ते पॅरिसला गेले. रशियातून परागंदा झालेले क्रांतिकारक तेव्हा पॅरिसमध्ये राहत. त्यांच्याकडून बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास बॉम्बची विद्या शिकले. आमच्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे दारूकाम म्हणजे किती जिवावरचं काम ते आम्हाला वेगळं सांगायला नको. १९०८ मध्ये बापट ती विद्या घेऊन मायदेशी आले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला, त्यात बापटांचं नाव पुढे आलं आणि ते भूमिगत झाले. काही वर्षं अशी लपूनछपून काढल्यावर १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले.

सुटून आल्यावर हा विलायतेला जाऊन आलेला माणूस काय करत होता? पारनेरचे रस्ते झाडत होता! सकाळी हातात झाडू घेऊन गाव साफ करायचं, अस्पृश्य म्हणून ज्यांना दूर ठेवलं होतं त्यांच्यात मिसळायचं, हा त्यांचा नेम होता. लोकांनी वेड्यात काढलं असणारच.

आणि मग आलं मुळशी. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळा आणि नीला या नद्यांचा संगम आहे. तिथे धरण बांधून पाणी अडवायचं, ते डोंगरातून पलीकडे कोकणाच्या बाजूला सोडायचं आणि खाली भिऱ्याला वीज करून ती मुंबईला पाठवायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. आपण इलेक्ट्रिकलवाले परीक्षेत हायड्रो प्लँटची आकृती काढतो ना, तशीच. सह्याद्रीचा उभा कडा म्हणजे फुकट मिळालेलं हेड! खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्येच सुरू झालं होतं. इंजिनिअरिंग म्हणून ही योजना अस्सल होती, हे मी आजही म्हणतो.

फक्त त्या आकृतीत खोरं नव्हतं. मुळशीचं खोरं म्हणजे आंबेमोहोर तांदळाचं आगर. ५२ गावांची जमीन त्यात सापडणार होती. मावळ्यांना कुणी विचारलं नाही. जमीन रीतसर ताब्यात यायच्या आधीच लोकांच्या शेतात तपासणीचे चर खोदले गेले. आधी खोदकाम, मग कागद! गावकरी बिथरले ते तिथेच. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी बाराएकशे माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. काम थांबलं आणि काही महिने थांबूनच राहिलं. जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणून आज हाच सत्याग्रह ओळखला जातो. विनायकराव भुस्कुटे आणि बापट ही त्यातली पुढची नावं. सेनापती ही पदवी बापटांना मिळाली ती इथेच, आणि त्यांचं सैन्य म्हणजे हे मावळचे शेतकरी.

याच वर्षी, दोनच महिने आधी, रशियात क्रोपोटकिन वारला. हा मूळचा भूगोलतज्ज्ञ. गावाने एकमेकांच्या साहाय्याने जगावं, शेती आणि कारखाना जवळ जवळ असावा, वरून हुकूम सोडणारं सरकार नसावं, असं मांडणारा. त्याच्या आणि पुढे १९६० नंतर अमेरिकेतल्या मरे बुकचिनच्या विचारातून आज ज्याला हरित अराजकतावाद म्हणतात तो वाढला. अराजक म्हटलं की आपल्याला दंगल आठवते, पण इथे अर्थ वेगळा आहे. माणूस माणसावर सत्ता गाजवतो म्हणून निसर्गावरही गाजवतो. तेव्हा जमीन, पाणी, जंगल यांचा निर्णय तिथे राहणाऱ्यांनीच घ्यावा, असा साधा मुद्दा आहे. बापट अराजकतावादी होते असं मी म्हणणार नाही. ते देशभक्त होते, त्यांना स्वतःचं राज्य हवं होतं. पण मुळशीत ते जो प्रश्न घेऊन उभे राहिले तो हाच होता. विकास कुणाचा, आणि तो ठरवायचा कुणी?

लढा हरला. का हरला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला आणला. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना जमिनीपेक्षा मोबदला वाढवून मिळण्यात रस होता. कसणाऱ्याला शेत हवं होतं, मालकाला पैसे हवे होते, एकी फुटली. गांधीजींना बापटांचा अहिंसेवरचा विश्वास पुरेसा वाटत नव्हता, त्यामुळे तिथूनही जोर मिळाला नाही. बापट तुरुंगात जात, सुटले की पुन्हा मुळशीला येत. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह कामावरची रेल्वे अडवली. हाणामारी झाली, काही जण जखमी झाले. हे बरोबर होतं का? मला तरी नाही वाटत. बापटांनी मात्र पळ काढला नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. ते आत असतानाच १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. १९३१ मध्ये बाहेर आले तेव्हा खोरं पाण्याखाली होतं.

पुढेही ते स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा तुरुंग, मग १९३८-३९ मध्ये निजामाच्या राज्यातला सत्याग्रह. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाकडेच होता, म्हणजे त्या खटपटीत आमचाही वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर गोवा, संयुक्त महाराष्ट्र. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.

आता खुंटीची गोष्ट. वाशी बालाघाटाच्या पठारावर आहे, वारा भरपूर, पाऊस कमी. आमच्या भागात पवनचक्क्या आल्या. मला तर आनंदच! मी इलेक्ट्रिकलचा, नोकरी घराजवळ मिळेल असं वाटायचं. दिवाळीला गेलो तर आमच्या सोयाबीनच्या रानात चुन्याची रेघ आणि लाल फडकं बांधलेली खुंटी. कुणी ठोकली? एका कंपनीच्या ठेकेदाराची माणसं. टॉवर उभा राहणार होता. आबांनी संमतीपत्र माझ्यासमोर ठेवलं. घरात इंजिनिअर म्हणून मीच. मी टॉवरचं चित्र पाहिलं, क्लिअरन्स बरोबर आहे म्हणालो आणि सही करायला सांगितली. शेवटची दोन पानं वाचलीच नाहीत. त्यात अवजड गाड्यांना रानातून रस्ता द्यायचं लिहिलं होतं. आजोबांनी घातलेला बांध गाड्यांनी दाबला, आणि पावसाळ्यात पाणी माती घेऊन खाली गेलं. आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. त्यानंतर मी भूसंपादनाबद्दल मिळेल ते वाचू लागलो आणि मुळशीपाशी पोचलो.

अजून एक गोष्ट नकाशावर सापडली. मुळशीचं पाणी मूळचं पूर्वेला वाहणारं. मुळेतून भीमेत आणि भीमेतून उजनीकडे. आज धाराशिव शहराला उजनीचंच पाणी येतं आणि उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरची वाट बघतात. मुळशीला अडवलेलं पाणी मात्र वीज करून कोकणात उतरतं. शंभर वर्षांपूर्वी मावळातल्या शेतकऱ्याला विचारलं नाही, तसं खालच्या खोऱ्यालाही विचारलं नव्हतं.

मी पवनचक्कीच्या विरुद्ध नाही. वीज मलाही लागते, हा लेख विजेवरच टाईप केलाय. उद्या याच क्षेत्रात नोकरी करायची इच्छा आहे. फक्त एवढं ठरवलंय की माझ्या हातून कुणाच्या रानात खुंटी ठोकायची वेळ आली, तर आधी त्या घरी जाऊन बसायचं, शेवटच्या पानासकट कागद वाचून दाखवायचा आणि नाही म्हणाले तर ते ऐकून घ्यायचं. परवा सुट्टीत आबांबरोबर बांध पुन्हा घालायला घेतलाय. निम्मा झालाय. उरलेला परीक्षेनंतर.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)