ज्ञानदेव : शब्दार्थ आणि सात्त्विक भाव

पैठणजवळचे गोदातीरावरील आपेगाव हे ज्ञानदेवांचे मूळ गाव. परंपरेने त्यांचा जन्म शके 1197 (इ.स. 1275) मधला मानतात. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई या भावंडांच्या वाट्याला बहिष्कार आला. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. पुढे शके 1212 (1290) मध्ये याच बहिष्कृत घरातील ज्ञानदेवांनी नेवासे येथे गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्यांची मराठी टीका सांगितली.

देशी भाषेतून अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचला, याची खूण कोणती? नवव्या अध्यायाच्या अखेरीस या प्रश्नाचे उत्तर सापडते. मूळ गीतेच्या त्या अध्यायात संजयाचे भाषणच नाही. तेथील प्रसंग ही ज्ञानदेवांची स्वतंत्र भर होय. कृष्णाचे तेच शब्द दोघांच्या कानी पडतात. धृतराष्ट्र पुरात बसलेल्या रेड्यासारखा निश्चल राहतो. मानवतच्या दक्षिणेकडून वाहत जाणाऱ्या याच गोदेच्या काठी ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. संजयाची मात्र वाचा खुंटते, अंगावर रोमांच उठतात, डोळे पाझरतात, देह कापतो, घाम फुटतो. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी बहुतेक येथे दिसतात. हे भाव इच्छेने आणता येत नाहीत. म्हणूनच ते अर्थग्रहणाची विश्वसनीय साक्ष ठरतात.

आधुनिक मानसशास्त्रातही या विचाराशी जुळणारे एक संशोधन आहे. लुरिया व विनोग्रादोवा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘व्हायोलिन’ या शब्दाला सौम्य विजेच्या धक्क्याची जोड दिली होती. नंतर त्या अर्थाशी संबंधित शब्द ऐकतानाही बोटांच्या रक्तवाहिन्या प्रतिसाद देत. केवळ उच्चारसाम्य असलेल्या शब्दांना सामान्य मुलांत तसा प्रतिसाद नसे. तीव्र बौद्धिक न्यूनत्व असलेल्या मुलांत मात्र उच्चारसाम्यच प्रभावी ठरे. देहाचा प्रतिसाद नादामागे न जाता अर्थसंबंधांमागे जाऊ शकतो, हे त्यातून दिसले. काव्यातील प्रसंग आणि प्रयोगशाळेतील मापन यांची कोटी भिन्न आहे. तरी नाद आणि अर्थ यांतील भेद दोन्हीकडे देहच दाखवतो.

संजय त्या अवस्थेत विरून जात नाही. व्यासांनी सोपवलेले कथन पुरे करण्यासाठी तो देहभानावर येतो, अश्रू व घाम पुसतो आणि धृतराष्ट्राला पुन्हा अवधान मागतो. न द्रवणाऱ्या श्रोत्यालाही सांगत राहणे, ही ज्ञानदेवांचीच भूमिका होती. ती पूर्ण करून शके 1218 (1296) मध्ये त्यांनी आळंदीस समाधी घेतली.